पाण्याची अट

चाकाजी रस्त्याकडे पाठ करून बसत. कामरगावात माणूस ओट्यावर बसला की तोंड रस्त्याकडे असायचं. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या डोक्यावर कसलं गाठोडं होतं, हे बघायलाच तर ओटा असतो. चाकाजी मात्र भिंतीकडे तोंड करून बसत आणि तरी सगळ्यांच्या आधी सांगत, "गनपत येऊन राह्यला. उजव्या चाकाचा येक आरा ढिल्ला हाय त्याच्या." थोड्या वेळाने खरोखरच गणपतची बैलगाडी वळणावरून पुढे येई. पाठ करून का बसता, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तोंड तिकडं केलं का मानूस पाहाले लागते, बाई. अन् पाहाले लागलं का आयकू येत नाही."

तसं त्यांना पाहून दिसणारही फारसं नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जातीचा धंदा सुतारकीचा, पण नांगर, दारं, खाटा असल्या कामांना त्यांनी कधी हात लावला नाही. आयुष्यभर फक्त बैलगाडीची चाकं केली. गावात तुकाजी होते, धुराजी होते, तसे हे चाकाजी. त्यांचं पाळण्यातलं नाव विचारलं तर चारचौघं एकमेकांकडे बघत. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आले तेव्हा वाशिम जिल्हा व्हायचा होता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. मी सत्तावीस वर्षांची, नागपूरची, आणि एकटी. एकट्या बाईला गाव मान देतं, आजारी बायका-मुलं तिच्याकडे घेऊन येतं, पण गप्पा मारायला कोणी तिच्या पायरीवर बसत नाही. सकाळी दवाखाना भरलेला असे, संध्याकाळी पुन्हा भरे. दुपारी दोन ते चार या वेळात कामरगावात मी आणि चाकाजी असे दोघंच जागे असू.

ते रोज डोळ्यांत थेंब घालून घ्यायला येत. मोतीबिंदूवर त्या थेंबांचा काडीचा उपयोग नाही हे मला ठाऊक होतं, आणि त्यांनाही ठाऊक असावं असा माझा संशय आहे. अकोल्याला जाऊन ऑपरेशन करून या, असं मी दर आठवड्याला सांगे. "डोये उघडून पाह्याचं काय राह्यलं?" असं म्हणून ते विषय संपवत. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. एकच मुलगी, ती इंझोरीला दिलेली. रबरी टायरच्या गाड्या आल्यापासून नवं चाक करून मागायला दोन वर्षांत कोणी फिरकलं नव्हतं. तरी जुन्या चाकांच्या बाबतीत त्यांचा शब्द अजून शेवटचा होता. लोक गाडी त्यांच्या ओट्यासमोरून मुद्दाम हळू नेत आणि विचारत, "चाकाजी, यंदा चालन का?" ते "चालन" म्हणाले की पुढे शंका काढायची नाही. या म्हाताऱ्याजवळ तेवढी एकच इस्टेट उरली होती, आणि ती त्यांना पुरत होती.

चाकाला त्यांची गॅरंटी असे. हा शब्द त्यांनी मूर्तिजापूरच्या कुठल्या तरी कंदिलाच्या दुकानात उचलला होता. दुकानदार गॅरंटी महिन्यांत मोजत, चाकाजी पिढ्यांत. "तुह्या पोराच्या लग्नापर्यंत पाह्याचं काम नाही," असं ते सांगत. पण अट एकच, आणि ती पाण्याची. आमच्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी, जिला धाव म्हणतात, ती सैल होऊन निसटते. म्हणून वैशाखात भर दुपारी गाड्या नदीच्या डोहात नेऊन उभ्या करायच्या. चाक पाणी पितं, लाकूड फुगतं आणि धाव पुन्हा आवळून बसते. "पानी पाजलं तर ग्यारंटी. नाही पाजलं तर मी तुह्या चाकाले वयखत नाही." गावातल्या एका बड्या आसामीच्या गाडीची धाव बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात निघाली, तेव्हा तो चाकाजींच्या दारात येऊन खूप ओरडला. चाकाजींनी चाकावरून फक्त तळवा फिरवला. "हे खराब नाही झालं, तहानलं हाय. घेऊन जा," म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले.

पौषात मी मोटार घेतली. कोऱ्या करकरीत, काळ्या रंगाच्या त्या छोट्या गाडीसाठी मी कोणकोणती बोलणी खाल्ली ते आता सांगत बसत नाही. माझ्या नावावर घेतलेली माझ्या आयुष्यातली ती पहिली वस्तू. आजूबाजूच्या खेड्यांतून बाळंतपणाची बोलावणी येत, आणि बैलगाडीने मी पोचेपर्यंत कधी बाळ आलेलं असे, कधी बाळंतीण गेलेली असे. गाडी आली तर तो फरक पडणार होता. "बाई स्वता हाकते," असं गाव आश्चर्याने म्हणे. बैल हाकतात तशी मोटारही हाकायचीच वस्तू.

चाकाजी गाडी बघायला आले, म्हणजे हाताने बघायला आले. बॉनेट, दिवे, काचा यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. उकिडवे बसले आणि चारही चाकं एकेक करून तपासली. तळवा फिरवला, बोटाच्या पेरांनी ठोकलं, कान लावला.

"ग्यारंटी किती हाय?" त्यांनी विचारलं.

"सहा महिने."

"सा मयने?" त्यांना कंपनीची खरोखर कीव आली. "सा मयन्यात पोट्टं रांगाले लागत नाही. अन् अट काय त्याइची?"

"अटी पुष्कळ आहेत. दोन पानं भरून."

"पान्याची असनच त्यात." त्यांनी पुन्हा चाकावर ठोकलं. रबराचा बद्द आवाज आला. "आत लाकूड कोनतं हाय?"

मी त्या दिवशी खुशीत होते. गंमत करायची लहर आली आणि मी म्हणाले, "बाभूळ."

मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. समाधानाने मान हलवून म्हणाले, "बाभूय. मंग बरं हाय. बाभयीले फक्त पानी लागते." तेवढ्यात आतून कंपाउंडरने हाक मारली आणि मी गेले. एका शब्दाची ती थट्टा. ती दुरुस्त करायला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं, पण थट्टा दुरुस्त करावी लागते हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्यानंतर चाकाजी माझ्याबरोबर गाडीतून येऊ लागले. बायकांना आपल्या गावचा म्हातारा सोबत दिसला की बरं वाटे, आणि मलाही. सीटवर ते दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसत. रस्ता उखडलेला असला की म्हणत, "हळू, बाई. मांगचं डावं रडून राह्यलं." मी हसून गाडी हळू करी. एकदा मी चिडून म्हटलं, की चाकं कुठे रडतात? तर म्हणाले, "मानूस खोटा रडते. चाकाले खोटं रडता येत नाही." परतीच्या वाटेवर आम्ही फारसं बोलत नसू. कोणी तरी शेजारी बसलंय आणि बोलायची सक्ती नाही, हे सुख मला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

वैशाखात मला चाळीस दिवसांच्या प्रशिक्षणासाठी नागपूरला जावं लागलं. किल्ली माझ्याजवळ ठेवली, गाडीचा ब्रेक मोकळा ठेवला आणि चाकाजींना म्हटलं, "गाडी सांभाळा." एवढंच. त्यांनी मान डोलावली.

आणि त्यांनी ती सांभाळली. हे मला पुढे कळलं, पण इथेच सांगते. गणपतची बैलजोडी रोज दुपारी मोटारीला जुंपली जाई. बैल गाडी ओढत नदीवर नेत, आणि इतर गाड्यांच्या ओळीत माझी काळी मोटार डोहात उभी राही, चाकं अर्धी बुडतील एवढ्या पाण्यात. दोन तासांनी ती बाहेर काढायची, ओढत आणायची आणि चाकाजींनी आपल्या धोतराच्या सोग्याने चारही चाकं वरून कोरडी करायची. पस्तीस दिवस. हे सगळ्या गावाने पाहिलं. कोणालाच त्यात वेगळं काही दिसलं नाही, म्हणून मी परत आल्यावर कोणी मला सांगितलंही नाही. तुमच्या गैरहजेरीत बैलांना चारा घातला, हे कोणी मुद्दाम येऊन सांगतं का?

परत आले तर गाडी जागची हलेना. शेवटचे चार-सहा दिवस गणपतचे बैल शेतावर गेले होते आणि गाडी ओल्या चाकांनी उभी होती. ढकलून, धक्के देऊन ती सुटली तेव्हा चारही चाकांतून असा करकराट झाला की चाकाजी कानांवर हात ठेवून उभे राहिले. मूर्तिजापूरहून रशीद मिस्त्री आले. चाकाच्या आत लोखंडाचं एक गोल भांडं असतं, त्याला ड्रम म्हणतात. ब्रेक दाबला की आतल्या पट्ट्या त्या ड्रमला धरतात आणि गाडी थांबते. मिस्त्रींनी चाक उतरवून ड्रम काढला तर आत तांबडा भुगा होता, आणि लोखंडाला देवीच्या वणांसारखे खड्डे पडले होते. चारही ड्रम तसेच.

"बाई, ये गाडी पानी में खडी थी क्या?" त्यांनी विचारलं.

"पाण्यात कशाला उभी राहील? घरी होती," मी म्हणाले, आणि माझ्या आवाजात जी धार आली तिच्यापुढे ते गप्प बसले. चाकाजी त्या वेळी घरी जेवायला गेले होते. ते तिथे असते तर सगळी गोष्ट त्याच दुपारी संपली असती.

जिच्याकडून गाडी घेतली त्या कंपनीच्या नागपूरच्या एजंटाला मी पत्र लिहिलं. सहा महिने व्हायचे होते, गाडी गॅरंटीत होती, चारही ड्रम बदलून मिळावेत. उत्तर आलं की गंज हा गॅरंटीत बसत नाही, गाडी बराच काळ पाण्यात उभी राहिलेली दिसते. आणि खाली आणखी एक ओळ होती: स्त्री-चालकांना वाहनाची निगा राखण्याचा अनुभव नसल्याने असे प्रकार घडतात.

त्या ओळीने माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पाण्याचं वाक्य मी धड वाचलंच नाही, ते मला नुसतं वकिली खुसपट वाटलं. पुढचे तीन महिने मी त्या एजंटाशी पत्रापत्री केली, आणि एकेक पत्र आधीच्याहून तिखट. गाडी एक क्षणही पाण्यात उभी नव्हती, असं मी सहीनिशी लिहून दिलं. माझ्या गैरहजेरीत ती एका अनुभवी चाक-कारागिराच्या ताब्यात होती, असंही अभिमानाने लिहिलं. गाडी दवाखान्याच्या मागे उभीच होती, आणि मी पुन्हा बैलगाडीने बाळंतपणांना जात होते. त्या पावसाळ्यात एका ठिकाणी मला उशीर झाला. ते मी कोणाला सांगितलं नाही, फक्त पुढचं पत्र आणखी कडक लिहिलं.

चाकाजी रोज विचारत, "काय म्हनते ग्यारंटीवाला?" पत्रं इंग्रजीत असत. मी त्यांना सारांश सांगे. "म्हणतो, गाडी नीट सांभाळली नाही."

"सांभाळली नाही?" ते हलकेच म्हणत. "म्या सांभाळली न. त्याचं लाकूडच कच्चं असन. पान्याले टिकलं नाही." लाकडाचं नि पाण्याचं ते बोलत तेव्हा मी पुढच्या पत्रातले शब्द जुळवत असे. शेवटी एक दिवस ते म्हणाले, "त्याले इथी बलवा, बाई. मी सांगतो त्याले." मला ती कल्पना पसंत पडली. माणूस पाठवून खात्री करून घ्या, असं मी एजंटाला लिहिलं.

दसऱ्यानंतर त्यांचा इन्स्पेक्टर आला. मध्यम वयाचा, थकलेला, सभ्य माणूस. कामरगावात मोटारीची तपासणी म्हणजे तमाशाच, तेव्हा दवाखान्याच्या ओसरीत निम्मं गाव जमलं. चाकाजी धुतलेलं धोतर नेसून, पागोटं बांधून आले आणि त्या दिवशी भिंतीकडे पाठ करून, माणसांकडे तोंड करून बसले. इन्स्पेक्टरने ड्रम पाहिले, उलटसुलट फिरवले आणि मला विचारलं, "बाई, ही गाडी पाण्यात उभी होती का?"

"मी लेखी दिलं आहे. नव्हती. ज्यांच्या ताब्यात होती ते हे बसले आहेत. त्यांनाच विचारा."

"तुम्ही सांभाळली गाडी?"

"हाव. पस्तीस दिस."

"कशी सांभाळली?"

"जशी सांभाळाले पायजे तशी," चाकाजी म्हणाले. आवाज ठाम होता, आयुष्यभर याच प्रश्नाची वाट पाहिल्यासारखा. "रोज दुपारी डोहात नेली. आस बुडन इतक्या पान्यात उभी केली, दोन तास. मंग काढली, पुसली. येकादशीलेबी चुकलो नाही. गनपतचे बैल होते, इचारा त्याले."

"हाव, माहेच बैल," गणपत पुढे सरसावून म्हणाला. "लय जड गाडी हाय, सायब." मागून आणखी दोघांनी दुजोरा दिला. आमच्या गाडीच्या बाजूलाच तर उभी राह्याची, एकजण म्हणाला. साक्ष द्यायला सगळ्यांची चढाओढ लागली होती. बाईची बाजू भक्कम व्हावी म्हणून जो तो मनापासून बोलत होता.

इन्स्पेक्टरने पेन्सिल खाली ठेवली. माझ्या कानशिलात कोणी लगावल्यासारखी मी उभी होते.

"पाणी?" तो म्हणाला. "लोखंडाला पाणी?"

"लोखंडाले नाही. आतल्या लाकडाले."

"आत लाकूड आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

चाकाजींनी मान वळवली. मी त्यांना धड दिसत नव्हते, पण मी कुठे उभी आहे हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. तो पौषातला शब्द त्या क्षणी मला आठवला, आणि त्यांनाही आठवला आहे हे मला कळलं. त्यांच्यापुरतं सगळं तिथेच उलगडलं असावं. ते थोडा वेळ माझ्याकडे तोंड करून राहिले. वाट बघत होते, असं मला अजून वाटतं.

मग म्हणाले, "कोनी नाही. मलेच तसं वाटलं."

इन्स्पेक्टर हसला. वाईट माणूस नव्हता, त्याला ते आवरलं नाही. कंपाउंडर हसला. मग आत्तापर्यंत माना डोलावणारे सगळे हसले, कारण शहराचा माणूस हसतो तेव्हा त्यात हसण्यासारखं काहीतरी असणारच. आणि मीही हसले. हसले नसते तर मला बोलावं लागलं असतं.

"येतो, बाई," म्हणून चाकाजी काठी घेऊन उठले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता थेंबांची बाटली काढून मी टेबलावर ठेवली. चार वाजता परत कपाटात ठेवली. आठवडाभर असंच केलं.

माणसाचा शब्द जायला गावात फार दिवस लागत नाहीत. ओट्यासमोरून गाड्या हळू जाईनाशा झाल्या. जाता जाता कोणी थट्टेने ओरडे, "चाकाजी, आत लाकूड हाय का?" त्यात दुष्टावा नव्हता, पण ज्यांच्या आज्यापासूनची चाकं या माणसाने केली ते लोक असं विचारत होते. यंदा चाक चालेल का, हे विचारायला मग कोणी थांबेना. मूर्तिजापूरला जाऊन रबरी टायर घालून घेणाऱ्यांची संख्या त्या हिवाळ्यात वाढली. त्याला दुसरी कारणं असतील. मी स्वतःला तसं पुष्कळदा समजावलं आहे.

कार्तिकात एजंटाचं पत्र आलं. गॅरंटीचा दावा नामंजूर. मात्र गाडी सांभाळणाऱ्या गृहस्थांनी काहीही न लपवता सर्व हकीकत प्रांजळपणे सांगितली, याची नोंद इन्स्पेक्टरने केल्यामुळे खास बाब म्हणून चारही ड्रम विनामूल्य पाठवत आहोत. ते पत्र घेऊन मी चाकाजींच्या ओट्यावर गेले. त्यांनी घोंगडी झटकून अंथरली, पाणी दिलं, माझ्या तब्येतीची चौकशी केली. पाहुण्या बाईची करतात तशी. मी पत्र वाचून दाखवलं, या वेळी शब्दन् शब्द.

"म्हंजे ग्यारंटी भेटली?"

"नाही. गॅरंटी नाकारली. ही खास बाब म्हणून."

"कायले?"

"तुम्ही खरं बोललात म्हणून."

त्यांनी घोंगडीची सुरकुती तळव्याने सारखी केली. मग म्हणाले, "पुरं खरं कुठी बोल्लो मी, बाई."

तेव्हा मी बोलले. माझं चुकलं म्हणाले, थट्टा मीच केली, हसायला नको होतं, मी सगळ्या गावाला सांगेन म्हणाले. भडाभडा बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आता नोको," ते म्हणाले. "आता सांगतलं तर लोकं म्हनतीन, बाई म्हाताऱ्याची लाज राखून राह्यली. तवाच सांगाचं होतं."

तरी मी सांगून पाहिलं. गणपतला दवाखान्यात बसवून सगळं सांगितलं, बाभूळ म्हणणारी मी होते म्हणून. त्याने डोळ्यांत पाणी आणून ऐकलं आणि हात जोडून म्हणाला, "बाई, तुमचं मन लय मोठं हाय." कंपाउंडरही तेच म्हणाला, जरा शुद्ध भाषेत. मग मी तो नाद सोडला. खोटं एकदा चारचौघांसमोर खपलं की खरं कितीही घसा फोडून सांगा, ते भलेपणात जमा होतं.

ड्रम बसले, गाडी सुरू झाली. शेजारची सीट रिकामी असे. तिच्यावर मी माझी बॅग ठेवायला लागले.

चैत्रात इंझोरीहून जावयाने बैलगाडी पाठवली. चाकाजी मुलीकडे कायमचे निघाले होते. सामान म्हणजे एक पेटी, घोंगडी आणि तासण्या, वाकस वगैरे हत्यारांचं पोतं. मी म्हटलं, मी मोटारीने पोचवते. "नोको बाई, गाडी आली हाय," म्हणाले. ओट्याला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि गाडीत बसले. मी काय करावं ते न सुचून मोटार काढली आणि पहिल्या गियरमध्ये, बैलांच्या चालीने त्यांच्या मागे मागे गेले. गाव संपलं, शेतं लागली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मागून कोण येतंय हे त्यांना वळून पाहावं लागत नव्हतंच.

दीड-दोन मैलांवर नाला आहे. चैत्रातसुद्धा त्यात गुडघाभर पाणी असतं. गाडीवानाने गाडी मधोमध थांबवली, बैलांनी माना खाली घातल्या आणि चाकं पाणी पीत उभी राहिली. ऊन मी म्हणत होतं. मला वाटलं, निदान त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहावं, एखादा शब्द बोलावा. मी मोटार पुढे घेतली. पुढची चाकं ओल्या वाळूत आली तेवढ्यात चाकाजी गाडीतून खाली पाण्यात उतरले. काठी टेकत, इंजिनाच्या आवाजाच्या रोखाने ते माझ्याकडे आले आणि बॉनेटवर हात ठेवला.

"इथीच थांबवा, बाई. हिले पान्यात घालू नोका."

"एवढ्याशाने काही होत नाही हिला, चाकाजी."

"नोको. हिची अट वायली हाय, आपली वायली."

बॉनेटवर त्यांनी दोनदा हलकेच थोपटलं आणि वळून पाण्यातून परत गेले. मी इंजिन बंद केलं. चाकांचं पाणी पिऊन होईपर्यंत आम्ही दोघंही थांबलो, ते पाण्यात आणि मी काठावर. मग गाडीवानाने बैलांना हाक दिली आणि गाडी पलीकडच्या चढाला लागली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी मोटार वळवली. गावाकडच्या उतारावर ब्रेक दाबला, आणि गाडी जागच्या जागी, जराही आवाज न करता थांबली. मी तिथे रस्त्याच्या मधोमध बसून रडले. दुपारची वेळ होती, येणारं-जाणारं कोणी नव्हतं.